औंधचा व्यायाम आणि घरातील तेलाची वाटी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले औंध हे आज एक लहानसे गाव आहे. पुण्याच्या उपनगराने हे नाव इतके व्यापून टाकले आहे की, मूळ औंधची ओळख सांगताना 'साताऱ्याचे औंध' असा खुलासा करावा लागतो. देवीच्या दर्शनाला येणारा भाविक आणि १९३८ साली उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालय पाहण्यासाठी येणारा रसिक एवढेच काय ते येथे बाहेरचे पाहुणे. संग्रहालयातील चित्रे पाहून ते परततात. ज्या राजाने ही चित्रे जमविली, त्याने आपल्या प्रजेच्या शरीराचाही तितक्याच गांभीर्याने विचार केला होता, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानी येत नाही.

भवानराव श्रीनिवासराव उपाख्य बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान लहान, आणि तेही सलग नव्हे. औंध साताऱ्याकडे, आटपाडी व कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ विजापुराकडे, अशी त्याची विखुरलेली ठाणी होती. एकूण बहात्तर गावे आणि पाऊणएक लाख लोकवस्ती. माणदेशाचा दुष्काळी मुलूख हा त्याचा मोठा भाग. अशा राज्याच्या खजिन्यात प्रजेसाठी मोठमोठी रुग्णालये उभारण्याइतका पैसा असणे शक्य नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जागा देणारा, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला साहाय्य करणारा आणि पुढे १९३९ च्या जानेवारीत प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविणारी घटना मान्य करणारा हा राजा आरोग्याच्या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने वळला. आजार झाल्यावर काय करावे, यापेक्षा तो होऊ नये म्हणून रोज सकाळी काय करावे, हा प्रश्न त्याला अधिक महत्त्वाचा वाटला.

या वळणामागे स्वानुभव होता. तरुणपणी बाळासाहेबांनी त्या काळी युरोपात गाजत असलेल्या सँडोची व्यायामसाधने व पुस्तके मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. स्नायू दिसू लागले, परंतु समाधान झाले नाही. त्यानंतर ते आपल्या घराण्यात व महाराष्ट्रात पूर्वापार चालत आलेल्या सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी ते सोडले नाहीत. सूर्यनमस्काराची परंपरा त्यांनी निर्माण केली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्रात ती समर्थांच्या नावाशी जोडली जातेच. औंधचे कार्य निराळे आहे. दहा स्थितींत नीट बांधलेला, बीजमंत्र व सूर्याची नावे यांसह श्वासाच्या तालावर चालणारा आणि शाळेतल्या मुलांपासून घरातल्या स्त्रियांपर्यंत सर्वांना शिकविता येईल असा पाठ औंधने तयार केला. संस्थानच्या शाळांतून तो शिकविला गेला. राजवाड्यातील स्त्रियाही तो करीत, आणि याचे त्या काळातील मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार स्त्रीने त्यांच्या या व्यायामाची दखल घेतली आणि १९३८ मध्ये तिच्या संपादनाखाली 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. सँडोची साधने विलायतेहून औंधला आली होती. चार दशकांच्या आत औंधचा व्यायाम विलायतेला पोहोचला.

त्या पुस्तकांतील सर्वच दावे आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. एका व्यायामाने सारे विकार दूर होतात, असे आज कोणताही जाणता वैद्य म्हणणार नाही. परंतु राजेसाहेबांच्या विचाराचा गाभा त्या दाव्यांत नव्हता. साधन नको, शुल्क नको, सहा फूट जागा पुरे, आणि करावयाचे ते स्वतःच्याच शरीराने, हा त्याचा गाभा होता. आरोग्य ही विकत घेण्याची वस्तू नसून आचरण्याची गोष्ट आहे, असे एक संस्थानिक आपल्या दुष्काळी प्रजेला सांगत होता.

औंधच्या या विचाराची आज आठवण होण्याचे कारण महामार्गावरील फलकांत आहे. 'संपूर्ण आयुर्वेदिक मसाज', 'तीन दिवसांत पंचकर्म', 'विषमुक्ती पॅकेज' अशा पाट्या आता महाबळेश्वर-पाचगणीपासून लोणावळ्यापर्यंत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जागोजागी दिसतात. मंद दिवे, तांब्याचे भांडे, कपाळावर पडणारी तेलाची धार आणि तासाचा दर. यात शिरोधारेपासून उद्वर्तनापर्यंत सारे काही आहे. नाही ती केवळ दिनचर्या. ज्या उपचाराचे मूळ स्थान रोजच्या न्हाणीघरात होते, तो वर्षातून एकदा सुटीत विकत घेण्याचा शौक झाला आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत अभ्यंग कोठे सांगितला आहे, हे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तो रोगचिकित्सेच्या भागात प्रथम येत नाही. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दिनचर्येत येतो. पहाटे उठणे, दात घासणे, डोळ्यांत अंजन घालणे, मग अंगाला तेल लावणे, मग व्यायाम, व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन, मग उटणे आणि शेवटी स्नान, असा तो क्रम आहे. अभ्यंग नित्य करावा. तो म्हातारपण, थकवा आणि वात यांना आवरतो, दृष्टी व झोप यांना हितकर ठरतो, त्वचा व शरीर दृढ करतो. आणि सर्वांगाला जमले नाही तरी डोके, कान व तळपाय यांना तो विशेषत्वाने करावा, असे वाग्भट सांगतो. चरकाने याच विषयाला दिलेले दाखले तर शेतकऱ्याच्या व कुंभाराच्या अंगणातले आहेत. तेल मुरलेला घडा, तेल पाजलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसा टिकतो, तसे तेल लावलेले शरीर टिकते, असे तो म्हणतो. स्पर्शाचे स्थान त्वचा, त्वचेत वायूचे प्राबल्य, आणि वायूवर तेलाइतके हुकमी दुसरे काही नाही, ही त्यामागील उपपत्ती.

याच अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिणारा हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता, आणि एकोणिसाव्या शतकात हा ग्रंथ अरुणदत्ताच्या टीकेसह छापून अभ्यासकांच्या हाती देणारे डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हेही महाराष्ट्राचेच. १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली तीही नाशकात. तरीही आज 'आयुर्वेदिक मसाज' म्हटले की मराठी माणसाच्या मनात केरळच येतो. केरळचे हे यश फुकाचे नाही. वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये कोट्टक्कलला आर्यवैद्यशाळा स्थापन केली, औषधनिर्मितीला शिस्त लावली. पिळिच्चिल, नवरकिळी यांसारखे उपचार वैद्यांच्या घराण्यांनी जपले. महाराष्ट्राने ग्रंथ जपले, केरळने हात जपले, असे म्हटल्यास ते फारसे चुकणार नाही.

पण महाराष्ट्राच्या घरांत हात नव्हतेच, असे मात्र नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसविलेल्या मुलाच्या टाळूवर थोपलेले तेल आणि मग अंगभर चोळलेले उटणे, हे ग्रंथातील अभ्यंग-उद्वर्तनच होय. बाळंतिणीला चाळीस दिवस तेल लावून, कडकडीत पाण्याने न्हाऊ घालून शेक देणारी बाई हे प्रत्येक गावाचे एक चालतेबोलते आरोग्यकेंद्र होते. उन्हाळ्यात डोळ्यांची आग झाली की आजी काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासत असे, तोच पादाभ्यंग. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींतून तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती आणि जोर-बैठकांनंतर पठ्ठ्यांनी वस्तादाच्या देखरेखीखाली एकमेकांचे केलेले मर्दन, हे वाग्भटाच्या क्रमाचे तंतोतंत पालन होते. कोणी ग्रंथ वाचून ते केले नव्हते, इतकेच. घाण्याचे तेल तेल्याकडून येई, उटणे घरी कुटले जाई. यात कोठेही पॅकेज नव्हते.

आधुनिक संशोधन या अनुभवाला काही ठिकाणी ठाम दुजोरा देते, आणि ते नेमके कोठे देते, हे पाहिले पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना हळुवार मर्दन केल्यास त्यांचे वजन अधिक वेगाने वाढते, हे अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. मर्दन मिळालेल्या बाळांची रोजची वजनवाढ ४७ टक्क्यांनी अधिक होती. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खोबरेल तेलाने मालीश केल्यावर खनिज तेलाच्या तुलनेत वजन अधिक चांगले वाढल्याचे आढळले. त्याच वर्षी बांगलादेशातील अभ्यासाने असे नोंदविले की, अत्यंत अशक्त अर्भकांच्या त्वचेला सूर्यफुलाचे तेल लावल्याने रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटले. कंबरदुखीच्या बाबतीत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नव्याने उद्भवलेल्या दुखण्यासाठी गोळ्यांच्या आधी शेक आणि मालीश सुचविले. शेक आणि मालीश! वैद्यांच्या भाषेत स्नेहन आणि स्वेदन. गावच्या आजीला हे सांगितले असते, तर तिने आश्चर्य कशाचे, असेच विचारले असते.

या दुजोऱ्याच्या पुढे जाऊन जे सांगितले जाते, तेथे मात्र थांबले पाहिजे. मालिशीने शरीरातील 'विषद्रव्ये' बाहेर पडतात, चरबी वितळते, मधुमेह आटोक्यात येतो, असे छापील पत्रकांतून सर्रास सांगितले जाते. उद्वर्तनाने मेद कमी होतो, असे ग्रंथात आहे हे खरे. पण ते व्यायाम आणि मिताहार यांच्या शेजारी बसून सांगितलेले आहे. भरपेट जेवून उटणे चोळून घेणाऱ्यासाठी ते वचन नाही. पंचकर्म या शब्दाची झालेली दशा तर अधिकच खेदजनक आहे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही ती पाच कर्मे. तेल लावणे आणि घाम काढणे ही त्यांची पूर्वतयारी, म्हणजे पूर्वकर्म. पूर्वतयारीलाच मुख्य कर्म म्हणून विकणे म्हणजे नांगरट करून पीक आले असे सांगण्यासारखे आहे. आणि खरी पाच कर्मे ही तीन दिवसांच्या सहलीत, नाडीही न पाहता करावयाची नसतात. ती वैद्याच्या देखरेखीखाली, ऋतू, वय व बळ पाहून करावयाची असतात.

आयुर्वेदाचा खरा अभिमान ज्याला आहे, त्याने ग्रंथातील निषेधही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजेत. कफाने ग्रासलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य आहे, हे वाग्भट अभ्यंगाचे गुण सांगून संपताच लगोलग सांगतो. व्यायामही अर्ध्या शक्तीने करावा, अति करणाऱ्याची गत हत्ती ओढायला निघालेल्या सिंहासारखी होते, अशी ताकीद तो देतो. आजच्या ज्ञानाने या यादीत भर घातली पाहिजे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गाठ असल्यास ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. मोडलेल्या वा मोडल्याची शंका असलेल्या हाडावर हात फिरवू नये. तान्ह्या बाळाच्या नाकाकानांत तेल सोडणे, कोंडलेल्या खोलीत त्याला धुरी देणे, डोक्याला 'आकार' देण्यासाठी कवटी दाबणे या प्रथा घातक आहेत. बालरोगतज्ज्ञ त्यांविरुद्ध कंठशोष करतात तो परंपरेच्या द्वेषाने नव्हे. परंपरेत जे शिरले ते सारेच शास्त्र नसते. औंधच्याच परंपरेतले वेदमूर्ती पंडित सातवळेकर १९१८ पासून तीन दशके तेथे राहून वेदांचे संशोधन व प्रकाशन करीत होते. मूळ ग्रंथ समोर ठेवून लोकांना ते वाचावयास लावणे, हीच त्यांची पद्धत होती. आयुर्वेदाच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींनाही हीच कसोटी लावावयास हवी.

या बाजाराची झळ दोन वर्गांना बसते आहे. पहिला वर्ग प्रामाणिक वैद्यांचा. साडेपाच वर्षे अभ्यास करून बाहेर पडलेला आयुर्वेदाचा पदवीधर जेव्हा लहान शहरात पंचकर्म केंद्र उघडतो, तेव्हा त्याच्या शेजारी कसलीही पात्रता नसलेले 'मसाज सेंटर' तोच शब्द वापरून उभे असते. अशा केंद्रांच्या आडून चालणारे अनैतिक व्यवहार उघडकीस आले की बातमीत 'आयुर्वेदिक मसाज' हाच शब्द येतो आणि सभ्य घरातील स्त्री खऱ्या वैद्याच्या दारीही जाण्यास संकोचते. स्त्री रुग्णाला स्त्रीनेच आणि पुरुषाला पुरुषानेच उपचार द्यावा, हा चांगल्या केंद्रांचा नियम कायद्याने सर्वांना बंधनकारक करण्यात कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा वर्ग त्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बायांचा. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. चाळीस दिवसांची बिदागी, एखादे लुगडे आणि बारशाचे जेवण यावर पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हे काम केले. आता त्यांच्या मुली हे काम करीत नाहीत. शहरात हेच काम करणाऱ्यांना आज बऱ्यापैकी मोबदला मिळतो, पण प्रशिक्षण कोणाचेच नाही; हात धुण्यापासून बाळाची मान कशी धरावी इथपर्यंत सारे ऐकीव. ज्या कौशल्याने एका बाजूला अर्भकाचे वजन वाढते आणि दुसऱ्या बाजूला चुकीच्या दाबाने इजा होऊ शकते, ते कौशल्य शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसल्यासारखे आहे. गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत, तालुक्यांच्या गावी आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. दोघांनी मिळून या बायांना आठ दिवस शिकविले आणि शिकल्याचा कागद हाती दिला, तर त्यास फार मोठा निधी लागणार नाही.

येथेच औंध पुन्हा समोर येते. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले तेव्हा त्यांनीही गरिबाला परवडेल तेच आरोग्य, असा आग्रह धरला होता. ते स्वतः नित्य मालीश करून घेत, पण त्याचा त्यांनी सोहळा केला नाही. औंधच्या राजाचा आग्रहही तोच होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, बाळासाहेब १९५१ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत राजनैतिक सेवेत देशोदेशी गेले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले. मात्र ज्या गावातून हे सारे सुरू झाले, तेथे आज या कार्याची ओळख करून देणारी एखादी नित्याची व्यवस्था असावयास हवी होती. पर्यटन वाढावे म्हणून औंधलाही एखादे आलिशान 'वेलनेस रिसॉर्ट' यावे, अशी सूचना उद्या कोणी केल्यास तिला टाळ्या पडतील. परंतु ज्या राजाने सँडोची साधने बाजूला ठेवून सहा फूट जागेचा व्यायाम निवडला, त्याच्या गावात तासाच्या दराने धार सोडणारे केंद्र उभे करणे, हा त्या वारशाचा उपहास ठरेल.

औंधला शोभेल ती शाळा. सकाळी गावातील मुलांना दहा स्थितींचा नमस्कार, तोही अर्ध्या शक्तीचा नियम सांगून. दुपारी खटाव, माण, आटपाडी, कुंडल येथून आलेल्या बायांना बाळ-बाळंतिणीच्या अभ्यंगाचे शिक्षण, त्यात एक वैद्य आणि एक बालरोगतज्ज्ञ दोघेही. संध्याकाळी गुडघे व कंबर धरलेल्या वृद्धांना घरच्या घरी तेल कसे लावावे, शेक कसा द्यावा आणि कोणत्या लक्षणांवर तो थांबवून डॉक्टरांकडे जावे, याचा पाठ. त्यासाठी इटालियन फरशी लागत नाही. तिळाचे वा खोबऱ्याचे घाण्याचे तेल, ऊन पाणी, काही पाट आणि एखाद्या जुन्या शाळेची ओसरी पुरते. रथसप्तमीला महाराष्ट्रातील कितीतरी शाळांतून सूर्यनमस्कार घातले जातात. त्या दिवशी यमाईच्या पायथ्याशी असा पहिला वर्ग भरविण्याचे कोणा वैद्यसंघटनेने, शिक्षणसंस्थेने अथवा ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तर संग्रहालय पाहून परतणाऱ्या पाहुण्याला चित्रांबरोबर आणखी एक गोष्ट घरी नेता येईल, आणि ती नेण्यासाठी त्याला तिकीटही काढावे लागणार नाही.